‘गुण आला’ म्हणजे काय?

‘गुण आला’ या दोन शब्दांइतका निरुत्तर करणारा युक्तिवाद आमच्या समाजांत दुसरा नसेल. एखाद्या मलमाच्या घटकांविषयीं शंका काढावी, जाहिरातींतील विधानाला पुरावा मागावा, डबीवर कर्त्याचें नांवगांव कां नाहीं असें विचारावें, तर समोरून शांतपणें उत्तर येतें, ‘तें कांहींहि असो, शेजारच्या वहिनींना गुण आला!’ एवढें बोलणें झालें कीं वाद मिटला. यापुढें प्रश्न करणारा तो केवळ आडमुठा. त्वचेसाठीं खरोखर उपयोगी पडणारीं प्रसाधनें कशीं निवडावीं, या विषयावर सध्यां जें अमाप लिहिलें व बोललें जातें त्याचा सारा डोलारा याच दोन शब्दांवर उभारलेला आहे. कोणीं काय लावलें, किती दिवसांत फरक दिसला, आधींचें छायाचित्र आणि नंतरचें छायाचित्र, इतक्यांत शास्त्र संपतें. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. चेहऱ्याच्या कातडीपुरतें बोलावयाचें तर जें आठपंधरा दिवसांत डोळ्यांत भरण्यासारखा गुण देतें त्याचीच अधिक धास्ती बाळगावी. आणि जें कसोटीला उतरलें आहे तें बहुधा इतकें संथ, इतकें स्वस्त व इतकें नीरस असतें कीं त्याची तारीफ करण्याचा उत्साह शेजारच्या वहिनींना वाटत नाहीं.

पहिलें उदाहरण पाऱ्याचें. पारा हा तोतया पदार्थ नव्हे. तो बोलल्याप्रमाणें करून दाखवितो. कातडीला रंग देणारें मेलॅनिन हें द्रव्य ज्या विकराच्या साहाय्यानें तयार होतें त्या विकरालाच तो निकामी करतो, आणि कांहीं आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो. मात्र तो कातडीवर थांबत नाहीं. तो रक्तांत उतरतो आणि मूत्रपिंडांत जाऊन बसतो. ही माहिती आजची नव्हे. लघवीवाटें प्रथिनें वाहून जाऊन अंगाला सूज येण्याच्या विकाराचा व रंग उजळणाऱ्या पारायुक्त मलमांचा संबंध केन्यांतील नैरोबीच्या डॉक्टरांनीं १९७२ मध्येंच दाखवून दिला होता. पन्नास वर्षांनीं तीच गोष्ट आमच्या दाराशीं आली. केरळांतील कोट्टक्कल येथील एका रुग्णालयांत जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि या १५ पैकीं १३ जण गोरें करणारीं क्रीमें लावीत असल्याचें निष्पन्न झालें. अकोल्याच्या एका कुटुंबाची हकीकत २०२३ मध्यें वृत्तपत्रांतून पुष्कळांनीं वाचली असेल. आई आणि दोन मुली, तिघींचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत कारणाचा शोध घेतां घेतां डॉक्टर येऊन पोंचले ते घरांतील एका क्रीमच्या डबीपाशीं. आतां वाचकांनींच सांगावें, एकीला गुण आला असें वाटल्याखेरीज दुसरीनें व तिसरीनें त्या डबीला हात कशाला लावला असता?

याविरुद्ध कायदा आहे. प्रसाधनांत बुद्धिपुरस्सर पारा घालण्यास आमच्याकडे बंदी आहे. डोळ्यांभोंवतीं लावण्याचीं प्रसाधनें सोडल्यास नकळत शिरलेला पाराहि दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक असतां कामा नये, असें २०२० चे नियम सांगतात. परंतु पारा घालणारा इसम तो डबीवर छापीत नाहीं, आणि ग्राहकाच्या नाकाला वा डोळ्याला पारा कळत नाहीं. त्याला कळते ती एकच गोष्ट: गुण! म्हणजे ज्या खुणेवरून त्यानें सावध व्हावें तिच्याचवर भाळून तो डबी दुसऱ्यांदा विकत घेतो.

दुसरें उदाहरण दिसावयास याहून सभ्य आहे, कारण तें परवानाधारक औषधांच्या दुकानांतून येतें. १९७५ मध्यें क्लिगमन व विलिस या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनीं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड अशा तीन औषधांचें मिश्रण सुचविलें. गालांवर उठणाऱ्या वांगासारख्या हट्टी डागांवर, थोडे आठवडे, डॉक्टरच्या नजरेखालीं वापरण्यास हें औषध वाईट नाहीं. पण आमच्याकडे या त्रयीचें काय झालें? ती रोजच्या वापराचें क्रीम झाली. दुकानदारानें सुचविली, मैत्रिणीनें सांगितली, बहिणीच्या लग्नाआधीं महिनाभर म्हणून आणली आणि पांच वर्षें टिकली. देशांतील बारा केंद्रांवरील त्वचातज्ज्ञांनीं चेहऱ्याच्या विकारांचे २९२६ रुग्ण तपासले, तेव्हां त्यांतील ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावीत असल्याचें आढळलें. ही पाहणी २०११ मध्यें प्रसिद्ध झाली. त्या ४३३ पैकीं दहांतील नऊ जणांना त्याचा कांहींना कांहीं अपाय झालेला होता: कातडी पातळ होणें, लाल शिरांचें जाळें दिसूं लागणें, मुरूम उसळणें, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढणें.

या औषधाची खरी लबाडी मात्र याहून खोल आहे, आणि तेथें जरा थांबलें पाहिजे. स्टेरॉइड दाह शमवितें, रंग उतरवितें, पुरळ दडपतें. म्हणून पहिल्या आठवड्यांत त्याच्यासारखें गुणकारी दुसरें कांहीं नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्वचा त्याच्या अधीन होते. मग तें बंद केलें कीं चेहरा पेटतो. लाल होतो, झोंबतो, खाजतो, उन्हांत उभें राहवत नाहीं. घाबरून पुन्हां लावलें कीं एका रात्रींत शांत. बिचारी मुलगी यावरून काय अनुमान काढते? ‘माझी कातडीच वाईट, हें क्रीम आहे म्हणून निभावतें आहे.’ रोग ज्यानें दिला त्यालाच ती वैद्य समजते! अनुभवाचा दाखला देणाऱ्यांना आमचें सांगणें आहे कीं, हिचा अनुभव खोटा नाहीं, निरीक्षण चुकीचें नाहीं. रोज आरशांत पाहून तिनें तें नोंदलें आहे. आणि तरीहि तिचा निष्कर्ष सत्याच्या नेमका उलट आहे. अनुभव हा साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोणीं बसविलें?

बरें, निरुपद्रवी वस्तूंच्या बाबतींत तरी ही साक्ष ग्राह्य मानावी काय? मुरूम भरतीओहोटीप्रमाणें येतात व जातात. माणूस नवें क्रीम विकत घेतो तें भरतीच्या दिवशीं, कारण ओहोटीच्या दिवशीं त्याला त्याची आठवणच होत नाहीं. पुढें ओहोटी लागते ती क्रीम लावलें नसतें तरी लागलीच असती. श्रेय मात्र डबीला. शिवाय कोणतेंहि साधें स्निग्ध मलम लावलें तरी कोरडी कातडी ओलावा धरून फुगते आणि बारीक सुरकुत्या तात्पुरत्या बुजतात. मग आंत केशर घातलें असो वा नसो. म्हणूनच प्रामाणिक परीक्षक चेहऱ्याच्या एका अर्ध्याला औषधयुक्त मलम आणि दुसऱ्या अर्ध्याला तेंच मलम औषधावांचून लावतात, आणि कोणत्या बाजूला काय आहे तें मोजणाऱ्याला व लावून घेणाऱ्याला दोघांनाहि कळूं देत नाहींत. बाजारांतील किती महागड्या डब्या या एवढ्या साध्या परीक्षेला बसल्या आहेत, हें ज्यानें त्यानें विक्रेत्याला विचारून पाहावें. उत्तरादाखल बहुधा एक गुळगुळीत पत्रक मिळतें.

या साऱ्याच्या मुळाशीं रंगाचें वेड आहे हें सांगावयास नकोच. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्यें बाजारांत आली आणि २०२० मध्यें तिच्या नांवांतील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलें. गोरेपणा गेला, तेज आलें. पण वधूवरांच्या जाहिरातींतून ‘गोरी’ हें विशेषण निवृत्त झालेलें नाहीं, आणि जोंपर्यंत तें तेथें आहे तोंपर्यंत डबीवर तेज छापा, कांति छापा, घेणारीला काय वाचावयाचें तें ती बरोबर वाचते. आषाढांत सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोकें ठेवणारा हा समाज, पण कार्तिकांत लग्नसराई सुरू झाली कीं त्याला सावळी सून चालत नाहीं. सावळेपणा हा रोग नव्हे. आमच्या उन्हांत तो कातडीचें छत्र आहे, आणि तें छत्र मोडण्यासाठीं पैसे मोजण्याची ही रीत आहे.

आतां आमच्या दुसऱ्या प्रतिपक्षाकडे वळतों. तो म्हणतो, हें सारें कारखान्यांतील रसायनांचें पाप. आमची हळद, आमचें लिंबू, आमचें चंदन यांत काय वाईट? ‘नैसर्गिक’ या शब्दानें इतकें निश्चिंत होणाऱ्यांनीं धोतराहि नैसर्गिक आहे हें ध्यानांत ठेवावें. लिंबाच्या, विशेषतः त्याच्या सालीच्या, रसांत अशीं द्रव्यें असतात कीं तो लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग उमटतात. डाग घालविण्यासाठीं लिंबू चोळणारांनीं हें अवश्य ऐकावें. बाजारी कुंकवामुळें कपाळावर उठणारे काळसर चट्टे आमच्या त्वचातज्ज्ञांच्या पूर्ण परिचयाचे आहेत. या पक्षाचें एक म्हणणें मात्र आम्हांस मान्य आहे. खोबरेल तेलाला परीक्षेंत खरोखर गुण मिळाले आहेत: फिलिपाइन्समध्यें इसबानें कोरड्या पडलेल्या मुलांच्या त्वचेवर खनिज तेलाशीं त्याची तुलना झाली, आणि २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या चांचणींत खोबरेल तेल सरस ठरलें. आजीच्या बाटलीचा हा विजय आम्ही आनंदानें जाहीर करतों. पण तो ती बाटली आजीची होती म्हणून झालेला नाहीं, तर ती परीक्षेला बसली म्हणून झाला आहे. आणि दिवाळींतल्या उटण्याविषयीं म्हणाल तर आमच्या आजीनें तें अंगाला लावतांना फार तर मळ निघेल, वास चांगला येईल, एवढेंच आश्वासन दिलें. सात दिवसांत रंग बदलेल असें ती म्हणाली नाहीं. तिच्या नांवावर आज दुकानांत जें विकलें जातें तें तिच्याहून फार अधिक बोलतें.

तिसरा पक्ष नव्या विद्वानांचा. यांचा ना आजीवर विश्वास, ना जाहिरातीवर. हे डबी उलटी करून घटकांची यादी वाचतात. हें पाऊल योग्य दिशेनें पडलेलें आहे, पण तें पहिल्याच पायरीवर अडखळतें. यादींतील घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानें द्यावे लागतात खरे. परंतु एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याहि क्रमानें लिहिण्याची मुभा नियमांनींच दिलेली आहे. तेव्हां केशराची काडी नुसती दाखवून काढलेली असली तरी तिला सुवासिक द्रव्याच्या वर मानाचें स्थान मिळूं शकतें. कोलॅजनचें क्रीम घेणाऱ्यांची तर आम्हांस कींव येते. ज्या रेणूचें वजन सुमारें ५०० डाल्टनच्या वर गेलें तो त्वचेच्या बाह्य आवरणांतून सहसा आंत शिरत नाहीं, हा नियम बॉस व माइनार्डी यांनीं २००० मध्यें मांडला. कोलॅजनच्या रेणूचें वजन तीन लाखांच्या घरांत आहे. देवडीच्या फटींतून हत्ती आंत जाईल या आशेनें ही मंडळी हजार हजार रुपये खर्च करतात. हत्ती बाहेरच उभा राहतो. त्याच्या सावलीनें अंगणाला थोडा गारवा येतो एवढेंच, कारण कोलॅजन कातडीवर राहून ओलावा धरतें. पण त्या गारव्याला दुसरीं शंभर स्वस्त साधनें आहेत.

‘ॲलर्जी होत नाहीं’ अशा अर्थाच्या शब्दांची कथाहि ऐकण्यासारखी आहे. असा दावा करणाऱ्या उत्पादकांनीं तो प्रयोगानें सिद्ध करावा, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९७५ मध्यें केला. प्रसाधनें बनविणारे न्यायालयांत गेले आणि १९७७ मध्यें तो नियम रद्द झाला. नियम गेला, शब्द राहिला, आणि तो आजहि डब्यांवर झळकतो. ‘त्वचातज्ज्ञांकडून परीक्षित’ या शब्दांचीहि तीच गत: परीक्षा झाली एवढें कळतें, ती कसली होती आणि निकाल काय लागला हें कळत नाहीं. आमच्या १९४० च्या औषधविषयक कायद्यांत प्रसाधनांचा समावेश पुढें झाला. त्यांत प्रसाधनाची जी व्याख्या आहे ती स्वच्छ करणें, सुशोभित करणें, आकर्षकपणा वाढविणें, रूप पालटणें इतक्याशीं बांधलेली आहे. शरीराच्या क्रियेंत बदल घडविण्याचा दावा केला कीं वस्तु औषधाच्या पंक्तीला बसते आणि मग पुरावे द्यावे लागतात. म्हणून चतुर लेखणी ‘सुरकुत्या कमी होतात’ असें न लिहितां ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असें लिहिते. व्याकरणाची इतकी बारकाई साहित्याच्या मासिकांतहि हल्लीं आढळत नाहीं! ‘दिसणें’ या एका क्रियापदावर केवढा व्यापार उभा आहे!

मग उपयोगी पडतें तें काय? यादी फार लहान आहे. कोरड्या त्वचेला पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चीझब्रो यानें तिचें पेटंट १८७२ मध्यें घेतलें, आणि कातडींतून उडून जाणारें पाणी अडविण्यांत तिच्या तोडीचें द्रव्य आजहि क्वचितच सांपडतें. चिकट आहे, राजघराण्याचें नांव नाहीं, म्हणून ती शोभेच्या मेजावर बसत नाहीं इतकेंच. मुरमांना बेंझॉइल पेरॉक्साइड व ॲडापालीन. सुरकुत्यांना ट्रेटिनॉइन, तेंहि डॉक्टरच्या सल्ल्यानें, गर्भवतीनें मुळींच नव्हे, आणि महिनोन्‌महिने धीर धरून. आरंभीं तर त्यानें कातडी सोलते व लोक तें फेंकून देतात.

आणि उन्हापासून रक्षण. याविषयीं मानवजातीजवळ असलेला पुरावा असामान्य दर्जाचा आहे. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँडमधील नांबूर गांवीं १६२१ माणसें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गटांत वाटलीं गेलीं. एका बाजूनें रोज सनस्क्रीन लावावयाचें, दुसरीनें आपल्या मर्जीप्रमाणें. १९९२ ते १९९६ पर्यंत हें चाललें. नियमानें लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचें प्रमाण सुमारें ४० टक्क्यांनीं कमी भरलें; त्यांतीलच ९०३ जणांच्या हातांच्या त्वचेच्या ठशांवरून वार्धक्याचीं चिन्हें २४ टक्क्यांनीं कमी असल्याचें २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें. साडेचार वर्षें, आणि २४ टक्के! सात दिवसांत तारुण्य परत देणाऱ्यांनीं हे आंकडे भिंतीवर लावावेत. तरीहि हा पुरावा डोळे मिटून इकडे आणूं नये. तीं माणसें बहुतेक गोऱ्या कातडीचीं होतीं. आमच्यांत त्या कर्करोगाचें भय पुष्कळ कमी, आणि आमचें दुखणें आहे वांगाचें व काळ्या डागांचें. ते डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेंहि वाढतात, आणि बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवीत नाहीं. त्याला लोहाची भस्में घातलेलें, मातकट रंगाचें सनस्क्रीन लागतें.

शिवाय लावावयाचें तर मापानें. डबीवरचा आंकडा प्रयोगशाळेंत ठरतो तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. चेहरा व मान मिळून एका वेळीं सुमारें एक ग्रॅमहून थोडें अधिक झालें. म्हणजे पन्नास ग्रॅमची नळी रोज एकदांच लावूनहि दीड महिन्यांत संपली पाहिजे. आमच्या घरांतून ती दोन पावसाळे पाहते. काटकसरीचा आम्हांस आदर आहे, पण येथें ती काटकसर म्हणजे निम्मीच भिंत बांधून चोराला अडविण्यासारखी आहे. ३० आणि ५० या आंकड्यांवरून दुकानांत घासाघीस करणाऱ्यांनीं एवढेंच पाहावें कीं, पूर्ण मापानें लावलें तर पहिल्यांतून शंभरांत तीनसवातीन भाग किरण आंत येतात आणि दुसऱ्यांतून दोन. बोटभर कमी लावण्यानें यापेक्षां कितीतरी अधिक नुकसान होतें.

कोणी म्हणेल, एवढ्या चिकित्सेनें सौंदर्याची हौसच मरेल. मुळींच नाहीं. काजळ घाला, पावडर लावा, ओठ रंगवा. जो रंग रात्रीं पाण्यानें निघतो त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं, कारण तो रंगच असल्याचें तो कबूल करतो. आमचें भांडण औषध असून प्रसाधनाचा वेष घेणाऱ्यांशीं, आणि प्रसाधन असून औषधाचा तोरा मिरविणाऱ्यांशीं आहे. त्याहूनहि अधिक तें त्यांच्या हस्तकांशीं आहे. मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना असलेली सवलत काढून तीं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असें ठरविलें. त्यानंतरच्या कोणत्याहि दिवशीं आमच्या कोणत्याहि शहरांतील औषधांच्या दुकानांत उभें राहून पाहावें: मुलगी येते, रिकामी नळी काउंटरवर ठेवते, आणि दुकानदार न विचारतां मागच्या खणांतून तसलीच दुसरी काढून देतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनीं कृपा करून सांगावें कीं, रिकामी नळी ही चिठ्ठी आहे, असें त्यांना कोणत्या कायद्याच्या पुस्तकांत सांपडलें?